शाळेतील अर्थशास्त्राला विद्यापीठाने आधार कसा द्यावा

आपल्याकडे विद्यार्थ्याची अर्थशास्त्राशी पहिली ओळख भूगोलाच्या पुस्तकात होते. राज्य मंडळाच्या नववीच्या भूगोलात अर्थशास्त्राचा परिचय करून देणारा एक पाठ आहे आणि व्यापारावर दुसरा. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांच्या अर्थव्यवस्थांची तुलना येते. हे पाठ शिकवणाऱ्या शिक्षकांपैकी अनेकांनी पदवीला अर्थशास्त्र घेतलेले नसते. अकरावीत हा विषय स्वतंत्रपणे समोर येतो, तेव्हा सांगली जिल्ह्यातील जत, आटपाडी किंवा सातारा जिल्ह्यातील माण, खटाव अशा तालुक्यांतील एखाद्या उच्च माध्यमिक शाळेत तो शिकवणारे बहुधा एकच सर किंवा एकच मॅडम असतात. कला शाखेचा वर्गही त्यांच्याकडे, वाणिज्य शाखेचाही त्यांच्याकडे, आणि एखादी संकल्पना अडली तर शिक्षक-खोलीत विचारायला त्या विषयाचे दुसरे कोणी नाही. विद्यापीठाने शालेय अध्यापनाला मदत करायची म्हणजे या एकट्या शिक्षकाला मदत करायची, अशी माझी धारणा आहे, आणि पुढील सर्व सूचना त्याच धारणेतून केलेल्या आहेत.

विद्यापीठ म्हणजे नेमके कोण, हेही आरंभीच स्पष्ट केलेले बरे. सांगली आणि सातारा हे दोन्ही जिल्हे, कोल्हापूरसह, १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात, आणि साताऱ्यात आता कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ हे समूह विद्यापीठही उभे आहे. परंतु जतच्या पूर्व भागातील शाळेला कोल्हापूरचा अधिविभाग दूरचा वाटतो. तिच्या दृष्टीने विद्यापीठ म्हणजे एस.टी.ने जाऊन दिवसाउजेडी परत येता येईल अशा अंतरावरचे वरिष्ठ महाविद्यालय आणि तेथील अर्थशास्त्र विभाग. म्हणून हे मार्गदर्शन प्रामुख्याने अशा महाविद्यालयांतील विभागप्रमुखांसाठी आहे; मुख्याध्यापकांनीही ते वाचावे, कारण अशी मदत मागण्याचा शाळेला पूर्ण अधिकार आहे.

पहिली भेट शिक्षकाची

पहिल्या भेटीत व्याख्यान देऊ नये. ही सूचना मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातील एका शाळेत मी जानेवारी महिन्यात बारावीच्या वर्गापुढे मौद्रिक धोरणावर दीड तास बोललो. निम्मे शब्द इंग्रजी होते, आकडे दिल्ली-मुंबईचे होते. शेवटी मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, ‘सर, हा रेपो दर आमच्या सोसायटीच्या पीककर्जाला लागतो का?’ रेपो दर म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजदराने अल्प मुदतीचे कर्ज देते तो दर. तो प्रश्न माझ्या संपूर्ण व्याख्यानापेक्षा अधिक चांगला होता. रिझर्व्ह बँकेपासून नाबार्ड, जिल्हा मध्यवर्ती बँक आणि गावची विकास सोसायटी अशी पतपुरवठ्याची उतरंड, वेळेत फेडीच्या पीककर्जावर केंद्र व राज्य सरकारे देत असलेली व्याजसवलत, आणि त्यामुळे रेपो दरातील बदल शेतकऱ्याच्या दारात थेट का पोहोचत नाही, हे सर्व त्या एका प्रश्नातून उलगडता आले असते. माझी तयारी मात्र त्या दिशेची नव्हतीच. वर्गाच्या शिक्षकांशी आधी अर्धा तास बोललो असतो, तर मुले काय विचारतील हे त्यांनीच मला सांगितले असते.

त्यामुळे पहिल्या भेटीला अकरावी व बारावीची पाठ्यपुस्तके घेऊन जावे आणि विषयशिक्षकाला तीन प्रश्न विचारावेत: कोणता घटक शिकवताना तुम्हाला उदाहरण सापडत नाही, कोणत्या घटकात मुले पाठांतरावर जातात, आणि कोणता घटक वेळेअभावी घाईने उरकावा लागतो. मला आजवर मिळालेल्या उत्तरांत बारावीचे निर्देशांक, मागणीची लवचिकता (किंमत बदलली की मागणी किती बदलते), आणि नाणेबाजार व भांडवल बाजार हे घटक वारंवार आले आहेत. अकरावीत विभाजन मूल्यांचे, म्हणजे आकडेवारीचे समान भाग पाडणाऱ्या मूल्यांचे, गणित आले आहे. शिक्षक ज्याचे नाव घेतील त्या एकाच घटकापासून आरंभ करावा. पहिल्याच वर्षी संपूर्ण अभ्यासक्रमाला हात घातला, तर शाळेला ते ओझे वाटते आणि विभागालाही ते निभावत नाही.

वर्षाचे नियोजन

शाळेचे वर्ष आणि महाविद्यालयाचे सत्र यांचा मेळ बसत नाही, आणि बहुतेक चांगले उपक्रम येथेच अडखळतात. बारावीचा वर्ग जूनच्या मध्यापासून चालू असतो. अकरावीचे प्रवेश लांबतात आणि तो वर्ग ऑगस्ट उजाडल्याशिवाय स्थिरावत नाही. फेब्रुवारीत बारावीची बोर्ड परीक्षा येते, त्यामुळे दिवाळीनंतर बारावीच्या शिक्षकाकडे नवे काही करून पाहायला फुरसत नसते. बारावीसाठीचे काम जुलै ते सप्टेंबर या काळातच करावे. उलट, अकरावीचा वर्ग फेब्रुवारी-मार्चमध्ये मोकळा असतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत सांगलीच्या बाजारात नवी हळद यायला लागलेली असते. क्षेत्रभेटीला याहून चांगला योग नाही.

पत्रव्यवहार साधा ठेवावा. प्राचार्यांचे पत्र मुख्याध्यापकांना जावे, त्यात घटकाचे नाव, तारखा आणि तासिकांची संख्या स्पष्ट असावी, आणि शाळेवर कोणताही खर्च पडणार नाही हे पहिल्याच परिच्छेदात लिहावे. एकापेक्षा अधिक शाळा घेतल्या असतील, तर माध्यमिक विभागाच्या शिक्षणाधिकाऱ्यांना प्रत पाठवावी. विद्यार्थ्यांना शाळेबाहेर न्यायचे असेल, तर पालकांची संमतिपत्रे शाळेनेच घ्यावीत आणि विषयशिक्षक सोबत असावेत.

एक घटक जवळून: निर्देशांक

निर्देशांकाचे उदाहरण सविस्तर देतो, कारण विद्यापीठाची मदत म्हणजे काय, हे त्यातून दिसेल. पुस्तकात वस्तूंना अ, ब, क, ड अशी नावे देऊन लास्पेअरचे सूत्र, म्हणजे आधार वर्षातील नगसंख्या कायम धरून किमतींतील बदल मोजण्याचे सूत्र, सोडवायला दिलेले असते. मुले सूत्र पाठ करतात, गणित सोडवतात, आणि आलेल्या उत्तराचा अर्थ मात्र सांगू शकत नाहीत. विभागातील दोन विद्यार्थ्यांनी शिक्षकासोबत बसून त्याऐवजी वर्गाच्याच खर्चाची टोपली तयार करावी.

समजा, आधार वर्षात एखादा विद्यार्थी महिन्याला २० कप चहा पीत होता आणि कप ५ रुपयांना होता. १० वडापाव प्रत्येकी १० रुपयांना, ४ वह्या प्रत्येकी २५ रुपयांना, आणि एस.टी.चा पास ३०० रुपयांना मिळत होता. एकूण खर्च ६०० रुपये. चालू वर्षात चहा १०, वडापाव १५, वही ४० आणि पास ३६० रुपयांना झाला असे धरू. तेवढ्याच वस्तूंचा खर्च आता ८७० रुपये होतो, म्हणजे ८७० भागिले ६०० गुणिले १००, निर्देशांक १४५. आता मुलांना प्रत्येक वस्तूचा स्वतंत्र निर्देशांक काढायला सांगावे. चहा २००, वडापाव १५०, वही १६० आणि पास १२०. या चौघांची साधी सरासरी १५७.५ येते. १४५ आणि १५७.५ यांत फरक का पडला, हा प्रश्न फळ्यावर लिहून वर्गाला पाच मिनिटे विचार करू द्यावा. निम्मा खर्च पासावर होतो आणि पास सर्वांत कमी महागला, हे ज्या क्षणी एखाद्याच्या लक्षात येते, त्या क्षणी भारांकन, म्हणजे खर्चातील वाट्यानुसार वस्तूला कमी-अधिक वजन देणे, ही संकल्पना वर्गाच्या ताब्यात येते.

यापुढचा टप्पा मला सर्वांत मोलाचा वाटतो. ग्रामीण भागातील बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एस.टी.चा पास मोफत मिळतो. म्हणून मुलींनी टोपलीतून पास वगळून तेच गणित पुन्हा करावे. आधार वर्षातील ३०० रुपये चालू वर्षात ५१० होतात आणि निर्देशांक १७० येतो. एकाच वर्गात मुलांसाठी महागाईचा निर्देशांक १४५ आणि मुलींसाठी १७०. येथे कोणी तरी निश्चितपणे म्हणते की मुलींचा खर्च तर कमी आहे, मग महागाई जास्त कशी? निर्देशांक खर्चाची पातळी दाखवत नाही, किमतींतील बदल दाखवतो, हे वाक्य शिक्षकाने यापूर्वी अनेकदा सांगितलेले असते. या गणितानंतर ते मुले स्वतः सांगतात. औद्योगिक कामगार, शेतमजूर आणि ग्रामीण मजूर यांच्यासाठी सरकार वेगवेगळे निर्देशांक का काढते, याचे उत्तरही येथेच मिळून जाते.

विभागाने हे गणित एका पानावर छापून द्यावे, आकड्यांच्या जागा रिकाम्या ठेवाव्यात, आणि मागच्या बाजूला शिक्षकासाठी उत्तरे व संभाव्य शंका लिहाव्यात. पुढच्या वर्षी आपण गेलो नाही, तरी नवे भाव भरून शिक्षक तेच पान वापरू शकतील.

सौद्याची क्षेत्रभेट

बारावीच्या पुरवठ्याच्या घटकात साठा आणि पुरवठा यांतील भेद विचारला जातो. हा भेद समजावण्यासाठी तासगाव किंवा सांगलीच्या बेदाणा सौद्याइतकी योग्य जागा मला माहीत नाही. साधारण चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा तयार होतो आणि त्यातील मोठा भाग शीतगृहात ठेवला जातो. शेतकऱ्याच्या नावावर शीतगृहात असलेला सगळा माल हा साठा. त्यातून एखाद्या दिवशी चालू भावाला विकायला काढलेला माल तेवढाच पुरवठा. सौद्याच्या दिवशी व्यापारी मूठभर बेदाणा तळहातावर पसरून रंग, जाडी आणि गोडी पाहतो, भाव पुकारला जातो, आणि कधी कधी शेतकरी मान हलवतो. माल परत शीतगृहात जातो. मुलांना तेथेच थांबवून विचारावे की आत्ता काय घडले. भाव पटला नाही म्हणून पुरवठा घटला, साठा मात्र तेवढाच राहिला. परतीच्या वाटेवर पुढचा प्रश्न टाकावा: हा शेतकरी थांबू शकला, मग त्याच्या शेजारचा का थांबू शकला नाही? शीतगृहाचे भाडे, घेतलेले कर्ज, घरातील लग्न, मुलाच्या प्रवेशाची फी अशी उत्तरे येतात, आणि वेगवेगळ्या विक्रेत्यांचा पुरवठा एकाच भावाला वेगवेगळा का असतो, ते पुस्तकाशिवाय समजते.

महाबळेश्वर-वाई भागातील शाळांनी याच घटकासाठी स्ट्रॉबेरी घ्यावी. तोडलेली स्ट्रॉबेरी फार दिवस टिकत नाही. त्यामुळे साठा आणि पुरवठा यांतील अंतर तेथे जवळजवळ मिटते आणि प्रक्रिया उद्योगाला फळ का जाते, ते कळते. बेदाण्याची आणि स्ट्रॉबेरीची अशी दोन टिपणे दोन शाळांनी एकमेकींना पाठवली, तर तुलना आपोआप घडते. ही देवाणघेवाण महाविद्यालयाने घडवून आणावी.

भेटीपूर्वी बाजार समितीच्या सचिवांना पत्र द्यावे, सकाळी सौदे सुरू होण्याआधी पोहोचावे, आणि तीसहून अधिक विद्यार्थी एका वेळी नेऊ नयेत. व्यापाऱ्यांच्या कामात अडथळा आला, तर पुढच्या वर्षी परवानगी मिळणे अवघड होते.

उसाच्या बाबतीत एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. दोन्ही जिल्ह्यांत जवळजवळ प्रत्येक वर्गात ऊस उत्पादकाची मुले असतात, कारखान्यातील कामगारांची असतात, आणि काही ठिकाणी संचालकांच्या घरचीही असतात. एफआरपीचे, म्हणजे केंद्र सरकार ठरवत असलेल्या उसाच्या रास्त व किफायतशीर दराचे, गणित जरूर घ्यावे. २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३४० रुपये दर होता, आणि त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.३२ रुपये वाढ होती. त्या हिशेबाने ११.२५ टक्के उतारा असेल, तर क्विंटलला ३७३.२० रुपये, म्हणजे टनाला ३,७३२ रुपये येतात, आणि त्यातून तोडणी व वाहतुकीचा खर्च वजा होतो. हे गणित मुलांना आवडते, कारण घरात त्याची चर्चा ऐकलेली असते. मात्र कोणता कारखाना चांगला आणि कोणती संघटना बरोबर, या वादात बाहेरून आलेल्या अध्यापकाने शिरू नये. त्याची किंमत नंतर त्या शाळेतील शिक्षकाला मोजावी लागते.

शब्दांची अडचण

आपल्या शाळांत अर्थशास्त्र मराठीतून शिकवले जाते आणि अडचण बरेचदा संकल्पनेपेक्षा शब्दात असते. ‘मागणी वाढली’ हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रात दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी येतो. बेदाणा स्वस्त झाला म्हणून लोकांनी अधिक घेतला, तर तो मागणीचा विस्तार होय. भाव तोच असताना दिवाळी आली म्हणून अधिक घेतला, तर ती मागणीतील वृद्धी होय. पहिल्यात आपण त्याच मागणी वक्रावर सरकतो, दुसऱ्यात वक्रच उजवीकडे सरकतो. परीक्षेत येथे गुण जातात, आणि शिक्षकालाही खात्रीचे मराठी स्पष्टीकरण हाताशी हवे असते.

प्रत्येक विभागाने वर्षाला अशा वीस-पंचवीस शब्दांची टिपणे तयार करावीत: शब्द, त्याचा पाठ्यपुस्तकातील अर्थ, बोलीतील अर्थ आणि जिल्ह्यातील एक उदाहरण. त्यासाठी भाषा संचालनालयाचा परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोशातील नोंदी आधाराला घ्याव्यात. विश्वकोशाचे काम वाईतून झाले आहे आणि तो आता संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो. मराठी अर्थशास्त्र परिषदेचे ‘अर्थसंवाद’ हे नियतकालिक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात येत असेल, तर जुने अंक शाळेच्या शिक्षकाला घरी नेऊ द्यावेत. ग्रंथालयाचे एक वाचकपत्र विषयशिक्षकाच्या नावे काढून देणे ही मदत क्षुल्लक वाटते, परंतु मला तिचा उपयोग फार मोठा दिसला आहे.

जिल्ह्याचे आकडे

पाठ्यपुस्तकातील आकडे छापताक्षणी जुने होऊ लागतात. शिक्षकाला आकडा देण्यापेक्षा तो कोठे सापडतो, हे दाखवावे. अर्थ व सांख्यिकी संचालनालय प्रत्येक जिल्ह्याचे सामाजिक व आर्थिक समालोचन प्रसिद्ध करते आणि त्यात तालुकानिहाय तक्ते असतात. राज्याच्या अर्थसंकल्पाआधी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ मराठीतूनही निघते. कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांतील आवक आणि दर रोज मिळतात. बँकिंगच्या घटकासाठी जिल्ह्याच्या अग्रणी बँकेचे कार्यालय उपयोगी पडते. शिक्षकांची एक अर्ध्या दिवसाची कार्यशाळा महाविद्यालयाच्या संगणक कक्षात घ्यावी आणि त्यात प्रत्येकाने आपल्या तालुक्याचा एक तक्ता स्वतः शोधून, उतरवून आणि त्यावर दोन प्रश्न तयार करूनच उठावे. विद्यापीठाच्या अग्रणी महाविद्यालय योजनेतील कार्यशाळा ठरवताना हा विषय सुचवता येईल.

गावाची पाहणी हा आपल्या भागात जुना वारसा आहे. पुण्याच्या गोखले संस्थेने धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी करून ती १९४० मध्ये प्रसिद्ध केली होती. अकरावीच्या प्रकल्पासाठी तसेच छोटे काम देता येते: एका वाडीतील वीस कुटुंबे, दहा प्रश्न, एक तक्ता. खानापूर-आटपाडी भागातील गलाई (सोने-चांदी गाळण्याच्या) व्यवसायासाठी देशभर गेलेली कुटुंबे, टेंभू किंवा म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पाणी आल्यावर बदललेले पीक, म्हसवडमध्ये १९९७ पासून कार्यरत असलेली माणदेशी महिला सहकारी बँक असे विषय शेजारीच आहेत. प्रश्नावली कशी तयार करावी आणि मिळालेली माहिती कशी वर्गीकृत करावी, हे मात्र शाळेला महाविद्यालयाने शिकवावे लागते. तेवढे केले नाही, तर बारावीच्या २० गुणांच्या अंतर्गत मूल्यमापनातील प्रकल्प हे विकत आणलेल्या फाइलींत उतरवलेले मजकूरच राहतात.

मनुष्यबळ आणि मर्यादा

हे सर्व करणार कोण, हा प्रश्न प्रत्येक विभागप्रमुख विचारतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांत क्षेत्र प्रकल्प आणि समाजसंपर्काचे उपक्रम श्रेयांकांसह (क्रेडिटसह) आले आहेत. एका श्रेयांकाला साधारण ३० तासांचे काम धरले, तर दोन श्रेयांकांच्या ६० तासांत एक विद्यार्थी १० तास पाठ्यपुस्तक व शिक्षकाशी चर्चा, २० तास साहित्यनिर्मिती, १५ तास शाळेतील प्रत्यक्ष सहभाग, आणि उरलेले तास सुधारणा व अहवाल यांना देऊ शकतो. एम.ए.च्या विद्यार्थ्यांना याचा दुहेरी लाभ होतो. लवचिकता दुसऱ्याला समजावून सांगताना आपल्यालाच ती कोठे नीट उमगलेली नाही, हे त्यांना कळते.

येथे एक मर्यादा कटाक्षाने पाळावी. या विद्यार्थ्यांना रिक्त पदावरील बिनपगारी शिक्षक म्हणून वापरू देऊ नये. शाळेत शिक्षक नसेल, तर ते संस्थेने व शिक्षण विभागाने सोडवायचे काम आहे, आणि आपल्या मदतीमुळे ती निकड झाकली जाता कामा नये. वर्गात आपला विद्यार्थी बोलत असताना विषयशिक्षक उपस्थित असलेच पाहिजेत, हे पहिल्या पत्रातच नमूद करावे.

अहवालात किती शाळा आणि किती विद्यार्थी यांपेक्षा तीन बाबी नोंदवाव्यात: कोणते पान शिक्षकाने आपण नसताना पुन्हा वापरले, त्यात त्यांनी कोणता बदल केला, आणि कोणत्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला देता आले नाही. ती अनुत्तरित प्रश्नांची यादी एप्रिलमध्ये विभागाच्या बैठकीत ठेवावी, प्रत्येक प्रश्न एकेका अध्यापकाने वाटून घ्यावा, आणि जूनमध्ये शाळा उघडताच उत्तरे त्या शिक्षकाच्या हाती द्यावीत. पुढच्या वर्षीच्या घटकाची चर्चा त्याच भेटीत सुरू होते.